मेंदूच्या पेशींचं पटल आणि त्यातले लिपिड: काय समजून घ्यायचं, काय खायचं, काय तपासायचं

मेंदू फॅटचाच बनलेला असतो, मग कोलेस्टेरॉल कमी करायच्या गोळ्या घेतल्या की मेंदू सुकणार, हे कुठे ना कुठे ऐकलेलं असतंच. आणि पाठोपाठ पुढचं येतं, अमुक तेलाची कॅप्सूल घ्या, ती थेट मेंदूच्या पेशीत जाते. पहिल्यातला अर्धा भाग खरा आहे, दुसऱ्यातलाही थोडासा, पण निष्कर्ष दोन्हीचे चुकलेत. ते का चुकलेत हे कळायला पेशीच्या पटलात नक्की काय असतं, तिथे ते पोचतं कसं आणि बिघडलं की काय होतं एवढं समजलं तरी पुरे, त्यासाठी डॉक्टर व्हायची गरज नाही. फक्त ज्या क्रमाने लिहिलंय त्याच क्रमाने वाचा, थेट गोळ्या आणि टेस्टवर उडी मारलीत तर अर्धवटच कळेल.

आधी पटल डोक्यात बसवा

पेशीपटल म्हणजे पेशीभोवतीचं पातळ आवरण, जाडी साधारण ५ नॅनोमीटर, म्हणजे एका मिलीमीटरात असे दोनेक लाख थर मावतील. लिपिड म्हणजे मेद आणि मेदासारखे पदार्थ, आणि पटलातला मुख्य माल त्यातल्या फॉस्फोलिपिडचा. याचं डोकं पाण्याला धरून राहणारं आणि दोन शेपट्या पाण्यापासून लांब पळणाऱ्या, त्यामुळे पाण्यात सोडले की हे रेणू आपसूक दोन ओळींत उभे राहतात, डोकी दोन्ही बाजूंना बाहेर आणि शेपट्या आत. १९२५ साली गॉर्टर आणि ग्रेंडेल या दोन डच शास्त्रज्ञांनी तांबड्या रक्तपेशींतला मेद काढून पाण्यावर पसरला, त्याने व्यापलेली जागा पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरली, म्हणजे थर दोन. गंमत अशी की त्यांच्या मोजणीत दोन चुका होत्या, मेद पूर्ण निघाला नव्हता आणि पेशीचं क्षेत्रफळही कमी धरलं होतं, पण दोन्ही चुका एकमेकींना कापून गेल्या आणि उत्तर बरोबर आलं! पुढे १९७२ साली सिंगर आणि निकोल्सन यांनी मांडलं की हे पटल घट्ट भिंत नसून वाहतं आहे, लिपिड बाजूला सरकत राहतात आणि प्रोटीन त्यात तरंगत असतात.

यातल्या तीन गोष्टी पक्क्या करून ठेवा, पुढे प्रत्येक ठिकाणी लागतील.

पटल किती सैल आणि किती घट्ट हे शेपट्यांवर ठरतं. सॅच्युरेटेड शेपटी सरळ, त्यामुळे रेणू दाटीवाटीने बसतात, अनसॅच्युरेटेड शेपटीला दुहेरी बंधापाशी वाक असतो म्हणून तिथे मोकळीक राहते. कोलेस्टेरॉल मधे घुसून दोन्हीकडून सांभाळतं, फार सैल असेल तर आवळतं, फार घट्ट होत असेल तर होऊ देत नाही. कोलेस्टेरॉल म्हणजे नुसता कचरा असं ज्यांना वाटतं त्यांनी हे लक्षात ठेवायला हवं, त्याच्याशिवाय आपली एकही पेशी उभी राहणार नाही.

दुसरं म्हणजे आतली बाजू आणि बाहेरची बाजू सारखी नसते. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचा एक लिपिड आहे, तो पेशी मुद्दाम ऊर्जा खर्च करून आतल्या बाजूला ठेवते. पेशी मरायला लागली की तो बाहेर येतो आणि सफाई करणाऱ्या पेशींना तो दिसला की त्या तिला गिळतात. मेंदूतल्या मायक्रोग्लिया नावाच्या पेशी हीच खूण बघून चेतापेशींमधले नको असलेले जोडही काढतात. म्हणजे कुठला लिपिड किती आहे एवढं बघून भागत नाही, तो कुठल्या बाजूला आहे तेही बघावं लागतं.

आणि तिसरं, बाहेरच्या बाजूला काही लिपिडच्या डोक्यावर साखरेच्या साखळ्या असतात, त्यांना गॅंग्लिओसाइड म्हणतात, मेंदूत यांची रेलचेल. पेशीची ओळख यांच्यावर असते आणि शत्रूही नेमके इथेच हात घालतात, धनुर्वाताचं विष चेतापेशीला चिकटतं ते गॅंग्लिओसाइडला धरूनच.

मेंदूचा हिशोब वेगळा आहे

आता मूळ मुद्दा. मेंदू वजनाने शरीराच्या २ टक्के, पण शरीरातलं जवळपास २० ते २५ टक्के कोलेस्टेरॉल तिथे असतं. पाणी काढून टाकलं तर उरलेल्या मेंदूत निम्म्याच्या आसपास लिपिड. त्यातला मोठा भाग मायलिनमधे, म्हणजे चेतापेशीच्या लांब तंतूभोवती गुंडाळलेलं जे पटल असतं त्यात, आणि मायलिनच्या कोरड्या वजनाचा ७० टक्क्यांहून जास्त भाग लिपिडच. हे वेष्टण असतं म्हणून संदेश तंतूवरून उड्या मारत वेगाने जातो, ते गेलं की संदेश मंदावतो नाहीतर अडतो.

पण हे कोलेस्टेरॉल मेंदू स्वतः बनवतो. रक्तातलं कोलेस्टेरॉल लायपोप्रोटीनच्या कणांत बसून फिरतं आणि ते कण रक्त-मेंदू अडथळा, म्हणजे रक्तातलं काय मेंदूत जाऊ द्यायचं हे ठरवणारी वाहिन्यांची भिंत, ओलांडत नाहीत. म्हणून तुमच्या ताटातलं कोलेस्टेरॉल, रिपोर्टमधलं एलडीएल, ज्याला वाईट कोलेस्टेरॉल म्हणतात ते, आणि मेंदूच्या पटलातलं कोलेस्टेरॉल ही जवळजवळ वेगळी खाती आहेत. मेंदूला जास्त झालेलं कोलेस्टेरॉल बाहेर काढायचं असलं तर त्याला एक हायड्रॉक्सिल गट जोडून २४-हायड्रॉक्सीकोलेस्टेरॉल बनवावं लागतं, तेव्हा कुठे ते अडथळा पार करून रक्तात येतं. उलाढालही संथ, मेंदूतलं कोलेस्टेरॉल बदलायला वर्षं लागतात.

डीएचएचं मात्र उलट आहे. हे ओमेगा-३ कुळातलं फॅटी ॲसिड, २२ कार्बन आणि ६ दुहेरी बंध, त्यामुळे अतिशय लवचिक, चेतापेशींच्या जोडांपाशी आणि डोळ्याच्या पडद्यात भरपूर. मेंदू ते स्वतः पुरेसं बनवू शकत नाही, रक्तातूनच घ्यावं लागतं, पण तिथेही दार उघडं टाकलेलं नाहीये. एमएफएसडी२ए नावाचं वाहक प्रोटीन ते लायसोफॉस्फॅटिडिलकोलीन नावाच्या एका लिपिडला जोडलेल्या रूपात आत घेतं, हे २०१४ मधे स्पष्ट झालं, आणि या प्रोटीनचं जीन बिघडलेल्या मुलांचं डोकं लहान राहतं, वाढ खुंटते. म्हणजे डीएचए लागतं यात वाद नाही. पण आत किती घ्यायचं, कुठे लावायचं, कधी बदलायचं हे पेशी ठरवते, आपण फक्त कच्चा माल पुरवतो. विटांचा ट्रक दारात रिकामा केला म्हणून घरावर मजला चढत नाही, आणि कॅप्सूलच्या सगळ्या जाहिराती नेमकं तेच विकत असतात.

कोलेस्टेरॉलचा रिपोर्ट कसा वाचायचा

लिपिड प्रोफाइलवरून मेंदूच्या पटलाबद्दल काहीही कळत नाही. तो रिपोर्ट रक्तवाहिन्यांबद्दल सांगतो, आणि मेंदूसाठी तो महत्त्वाचा आहे तो त्याच कारणाने. मेंदूला रक्त नेणाऱ्या वाहिन्या खराब झाल्या तर पटलात कितीही उत्तम लिपिड असले तरी पेशी उपाशी मरतात. २०२४ च्या लॅन्सेट कमिशनने डिमेन्शियाची, म्हणजे स्मृती आणि बुद्धी ढासळत जाण्याची, टाळता येण्यासारखी १४ कारणं मांडली त्यात मध्यम वयातलं वाढलेलं एलडीएल नव्याने घेतलंय, कमी झालेली दृष्टी हीसुद्धा तेव्हाच आली. बीपी, डायबिटीस, सिगरेट, ऐकू कमी येणं ही आधीपासून होतीच.

म्हणून एलडीएल जास्त असेल तर मेंदूच्या नावाने ते तसंच सोडून देऊ नका. स्टॅटिनबद्दल, म्हणजे कोलेस्टेरॉल कमी करायच्या त्याच गोळ्यांबद्दल, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या संस्थेने, २०१२ मधे लेबलवर टाकलं की क्वचित कुणाला विसराळूपणा जाणवतो, तो गंभीर नसतो आणि औषध थांबवलं की जातो, मोठ्या चाचण्यांत मात्र बुद्धी घसरल्याचं दिसलेलं नाही. तुम्हाला तसं जाणवलंच तर गोळी स्वतःहून बंद करण्यापेक्षा डॉक्टरला तारखेसकट सांगा, कधी सुरू केली, कधीपासून जाणवतंय, सोबत दुसरी कुठली औषधं चालू आहेत. झोपेच्या आणि ॲलर्जीच्या काही गोळ्या डोकं जड करण्यात कितीतरी पुढे असतात, आणि नाव मात्र स्टॅटिनचं खराब होतं.

खाणं आणि कॅप्सूल

ओमेगा-३ तीन रूपांत भेटतं. जवस, अक्रोड, सोयाबीन यांत एएलए, तेलकट माशांत ईपीए आणि डीएचए. एएलएपासून शरीर डीएचए बनवतं पण अगदी थोडं, साधारण १ टक्का किंवा त्याहूनही कमी, बायकांमधे इस्ट्रोजेनमुळे थोडं जास्त. त्यामुळे जवस खाल्लं म्हणजे मासे खाल्ल्यासारखंच असं नाही होत. मासे खात नसाल आणि डीएचए हवंच असेल तर शेवाळापासून काढलेलं तेल मिळतं, माशांतही ते मुळात शेवाळातूनच येतं, मधला मासा गाळला एवढंच.

किती? युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने, म्हणजे एफ्साने, मोठ्या माणसांसाठी रोज ईपीए आणि डीएचए मिळून २५० मिलीग्रॅम सांगितलंय, गरोदरपणात आणि बाळाला पाजत असताना त्यावर आणखी १०० ते २०० मिलीग्रॅम डीएचए. आठवड्यातून एक-दोनदा तेलकट मासे झाले की मोठ्यांचं हे भागतं. इथे कॅप्सूलचं लेबल नीट वाचायला शिका, कारण पुढे मोठ्या अक्षरात १००० मिलीग्रॅम फिश ऑइल लिहिलेलं असतं आणि मागे बारीक अक्षरात ईपीए १८०, डीएचए १२०, म्हणजे कामाचं ३००. ती मागची बेरीज बघायची. दुसरं, कॅप्सूल फोडून वास घ्या. ६ दुहेरी बंध असलेलं तेल हवेत पटकन खराब होतं, खवट वास आला तर टाकून द्या, लिंबाचा सुगंध घातलेला असेल तर हे कळणार नाही तेवढं ध्यानात ठेवा.

जास्त घेतलं तर जास्त फायदा का? नाही. सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्या ४०२ जणांवर रोज २ ग्रॅम डीएचए देऊन १८ महिने चाचणी झाली, २०१० मधे निकाल आला, घसरण थांबली नाही आणि मंदावलीही नाही. वर मोठ्या डोसने हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनचा धोका वाढतो हे वेगवेगळ्या चाचण्यांत दिसलंय. आधीच ठोक्यांचा त्रास असेल किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर विचारल्याशिवाय सुरू करू नका.

शरीरात खरंच किती पोचतंय हे बघायचं असेल तर त्याची एक बरी टेस्ट आहे, ओमेगा-३ इंडेक्स. यात तांबड्या रक्तपेशींच्या पटलातल्या एकूण फॅटी ॲसिडमधे ईपीए आणि डीएचए किती टक्के ते मोजतात, ४ च्या खाली कमी, ८ च्या वर चांगलं असं धरतात. कालच्या जेवणाने हा आकडा हलत नाही हा मोठा फायदा, कारण रक्तपेशी साधारण १२० दिवस जगते आणि पटल सावकाश बदलतं. म्हणूनच खाण्यात बदल केल्यावर पंधरा दिवसांत परत टेस्ट करणं म्हणजे पैसे पाण्यात, तीन-चार महिने थांबा. आणि हा रक्तपेशीचा आकडा आहे, मेंदूच्या पेशीचा नाही, प्रौढ माणसाच्या मेंदूतलं डीएचए त्याहून फार हळू बदलतं. खरं सांगायचं तर मासे नियमित खाणाऱ्याला किंवा डीएचए घेत असलेल्याला ही टेस्ट करायची गरजच नाही.

फॉस्फॅटिडिलसेरीनच्या गोळ्यांचं काय? पटलात ते असतं हे खरं, पण पेशी ते स्वतः बनवते आणि गिळलेलं आतड्यातच बहुतेक मोडतं. एफडीएने २००३ मधे त्याबद्दल दावा करायला परवानगी दिली तीच मुळी, पुरावा अगदी मर्यादित आणि प्राथमिक आहे, असं सोबत छापायच्या अटीवर. जाहिरातीत फक्त परवानगी दिसते. मी तरी यावर खर्च करणार नाही.

कोलीन मात्र लोकं विसरतात. फॉस्फॅटिडिलकोलीन हा पटलातला सगळ्यात मुबलक लिपिड, त्याला कोलीन लागतं, अंड्याच्या बलकात आणि सोयाबीनमधे ते चांगलं मिळतं, गरोदरपणात गरज वाढते. रोजच्या खाण्यात यातलं काहीच नसेल तर तिथे लक्ष द्या, महागड्या कॅप्सूलच्या आधी. आणि कारखान्यात तेलात हायड्रोजन घालून ते घट्ट करताना बनणारे ट्रान्स फॅट शक्य तितके टाळा, ते अनसॅच्युरेटेड असूनही शेपटी सरळच राहते, म्हणजे पटलात जाऊन सॅच्युरेटेडसारखंच वागतं आणि रक्तवाहिन्यांचं नुकसान वेगळं. पाकिटावर 'पार्शियली हायड्रोजनेटेड' असं दिसलं की ठेवून द्या परत.

ई व्हिटॅमिन पटलातल्या फॅटी ॲसिडला ऑक्सिडेशनपासून वाचवतं हे अगदी खरं. पटलातलं एक फॅटी ॲसिड बिघडलं की शेजारचं बिघडतं, मग त्याच्या शेजारचं, ही साखळी ई व्हिटॅमिन तोडतं. ही साखळी आवरली नाही आणि लोह हाताशी असलं की पेशी मरते, २०१२ पासून या मरणाला फेरोप्टोसिस म्हणतात आणि मेंदूच्या आजारांत त्यावर बराच अभ्यास चालू आहे. पण म्हणून धडधाकट माणसाने मोठा डोस घ्यायचा नसतो, त्याने मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका वाढू शकतो. ज्यांना त्याची औषध म्हणून गरज असते त्यांच्याबद्दल खाली लिहिलंय.

मोठ्या आजारांत लिपिड कुठे येतात

अल्झायमरमधे अमायलॉइडचंच, म्हणजे मेंदूत साचणाऱ्या प्रोटीनच्या गुठळ्यांचंच, नाव सगळे घेतात, पण ते ज्या प्रोटीनपासून बनतं ते पटलात रुतलेलं असतं आणि त्याचा शेवटचा काप पटलाच्या आत, शेपट्यांच्या गर्दीत होतो, त्यामुळे आजूबाजूला कुठले लिपिड आहेत याचा फरक पडतो. शिवाय मेंदूत कोलेस्टेरॉल एका पेशीकडून दुसरीकडे नेणारं प्रोटीन एपीओई, त्याचा ई-४ प्रकार हा उतारवयातल्या अल्झायमरचा सगळ्यात मोठा ज्ञात जनुकीय धोका, १९९३ पासून माहीत आहे. एक प्रत असली तर धोका साधारण दोन-तीन पट, दोन असल्या तर आठ-बारा पट, वंशानुसार कमीजास्त. कुतूहल म्हणून ही टेस्ट करायच्या मी विरोधात आहे, ई-४ असूनही आजार न होणारे भरपूर आणि नसून होणारेही भरपूर, आणि कळल्यावर करायचं काय तर तेच बीपी, साखर, व्यायाम, झोप. अमायलॉइडवरची अँटिबॉडी औषधं सुरू करायची असतील तर मात्र टेस्टला अर्थ आहे, कारण दोन प्रती असलेल्यांना मेंदूत सूज आणि रक्तस्राव जास्त होतो. जाता जाता, खुद्द अलॉइस अल्झायमर यांनी त्या पहिल्या रुग्णाच्या मेंदूत आधारपेशींमधे मेदाचे कण दिसल्याचंही नोंदवलं होतं, त्याकडे बरीच दशकं कुणी फारसं बघितलं नाही.

पार्किन्सनमधे अल्फा-सायन्युक्लिन हे प्रोटीन ऋण भार असलेल्या लिपिडला चिकटतं, आणि पेशीत दिसणाऱ्या लेवी बॉडी म्हणजे नुसती प्रोटीनची गाठ नाही, त्यात पटलाचे तुकडेही कोंबलेले असतात असं २०१९ मधे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपने दाखवलं. जीबीए१ नावाच्या जीनच्या दोन्ही प्रती बिघडल्या तर गोशे नावाचा लिपिड साठण्याचा आजार होतो, एक बिघडली तर गोशे होत नाही पण पार्किन्सनचा धोका वाढतो, पार्किन्सनच्या ५ ते १५ टक्के रुग्णांत हा बदल सापडतो. म्हणून घरात गोशेचा रुग्ण असेल तर मोठ्यांमधे हात थरथरणं, चाल मंदावणं, वास न येणं याकडे जरा लवकर बघा, पण एक प्रत बिघडलेल्या बहुतेकांना पार्किन्सन होत नाही हेही तितकंच खरं.

मल्टिपल स्क्लेरोसिसमधे प्रतिकारशक्ती मायलिनवर हल्ला करते. खाण्याने मायलिन परत येतं असं सांगणाऱ्यांपासून दूर राहा, त्याच्यावर औषधं आहेत आणि ती लवकर सुरू करण्यातच फायदा आहे. यातलं फिंगोलिमॉड, २०१० मधे मंजूर झालेलं, हे पटलातल्या स्फिंगोलिपिडपासून बनणाऱ्या एका संदेशाच्या रिसेप्टरवर काम करतं, म्हणजे लिपिडचा अभ्यास इथे गोळीपर्यंत पोचला.

गिलां-बारे सिंड्रोम मला या सगळ्यात सगळ्यात बोलकं वाटतं. कॅम्पायलोबॅक्टर या जंतूने जुलाब होतात, जंतूच्या आवरणावरची साखर आपल्या चेतातंतूंवरच्या जीएम१ गॅंग्लिओसाइडसारखी दिसते, शरीर जंतूविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि त्या स्वतःच्या नसांवर जाऊन बसतात. लक्षात काय ठेवायचं तर जुलाब किंवा तापानंतर दिवसांत-आठवड्यांत दोन्ही पायांत अशक्तपणा सुरू झाला आणि तो वर चढतोय, जिना चढता येईना, चेहरा वाकडा व्हायला लागला, तर थेट इमर्जन्सी. श्वासाचे स्नायू अडकू शकतात, रात्र काढू नका. इम्युनोग्लोब्युलिन किंवा प्लाझ्मा बदलणं हे उपचार पहिल्या दोन आठवड्यांत दिले तर जास्त उपयोगी पडतात.

दुर्मिळ आहेत पण ओळखता यायला हवेत

वरच्या मोठ्या आजारांत लिपिड हा कारणांपैकी एक धागा असतो, या दुर्मिळ आजारांत तोच मूळ बिघाड. पटल सतत मोडतं आणि परत बांधलं जातं, मोडण्यासाठी एकेक एन्झाइम लागतं, एक जरी नसलं तरी तेवढा लिपिड साठत जातो. टे-सॅक्समधे जीएम२ गॅंग्लिओसाइड, गोशेमधे ग्लुकोसिलसेरामाइड, मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफीमधे सल्फॅटाइड. यादी लांब आहे, सगळी पाठ करायची गरज नाही. ज्यांच्यावर काही करता येतं आणि जे वर्षानुवर्षं भलत्याच नावाखाली फिरतात तेवढे सांगतो.

लहानपणी न थांबणारे जुलाब, मग शाळेच्या वयात दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, तरुणपणी टाचेमागच्या स्नायुबंधावर गाठी, आणि मग चाल बिघडणं, अभ्यासात किंवा कामात घसरण. प्रत्येक तक्रारीला वेगळा डॉक्टर, त्यामुळे कुणीच जोडत नाही. हा सेरेब्रोटेंडिनस झँथोमॅटोसिस असू शकतो, रक्तातलं कोलेस्टेरॉल यात बऱ्याचदा नॉर्मल असतं, मोजायचं असतं ते कोलेस्टॅनॉल. चेनोडिऑक्सिकोलिक ॲसिड या औषधाने हा आवरता येतो, मात्र झालेलं नुकसान पूर्ण भरून येत नाही, म्हणून वेळेला किंमत.

नीमन-पिक सी मधे कोलेस्टेरॉल पेशीच्या आतल्या लायसोसोममधे, म्हणजे मोडतोड करणाऱ्या कप्प्यात, अडकून पडतं, बाहेर पटलापर्यंत पोचत नाही. बाळपणी लांबलेली कावीळ, मोठी प्लीहा, पुढे डोळे वर-खाली पटकन फिरवता न येणं, हसताना अचानक अंग सैल पडून कोसळणं, मोठ्यांमधे तर कधी नुसतंच मानसिक आजारासारखं दिसतं. डोळ्यांची ही खूण कुणीही बघू शकतं, डोकं न हलवता छताकडे आणि जमिनीकडे झटझट नजर टाकायला सांगा, त्या ऐवजी माणूस डोळे मिचकावतो किंवा मानच हलवतो का ते बघा. रक्तातले ऑक्सिस्टेरॉल आणि काही ठराविक लायसोलिपिड मोजून अंदाज येतो, मग जीन टेस्ट. मिग्लुस्टॅट युरोपात २००९ पासून आहे, अमेरिकेत सप्टेंबर २०२४ मधे अरिमोक्लोमॉल आणि लेव्हॅसिटिलल्युसीन ही दोन औषधं मंजूर झाली.

ई व्हिटॅमिन शरीरात टिकवणारं प्रोटीनच बिघडलेलं असलं तर मुलगा किंवा मुलगी हळूहळू तोल जाऊन चालायला लागते, बोलणं अडखळतं, आणि बऱ्याचदा फ्रीडराइख अटॅक्सिया या तोल जाण्याच्या दुसऱ्याच आनुवंशिक आजाराचं लेबल लागतं. रक्तातलं ई व्हिटॅमिन मोजणं ही साधी टेस्ट आहे, तोल जाण्याचं कारण सापडत नसेल तर ती झालीय का एवढं जरूर विचारा. इथे मोठा डोस हेच खरं औषध, आयुष्यभर आणि डॉक्टरच्या देखरेखीखाली.

मेटाक्रोमॅटिक ल्युकोडिस्ट्रॉफीसाठी जीन थेरपी आली, युरोपात २०२० आणि अमेरिकेत २०२४ मधे, पण लक्षणं सुरू व्हायच्या आधी किंवा अगदी सुरुवातीलाच देता येते. म्हणजे तिचा फायदा बहुतेक वेळा आधीच्या मुलात आजार सापडल्यामुळे तपासलेल्या धाकट्या भावंडाला होतो, आईबापांसाठी हे किती अवघड असेल ते वेगळं सांगायला नको.

एक्स-लिंक्ड ॲड्रिनोल्युकोडिस्ट्रॉफीचंही तसंच आहे. एबीसीडी१ जीन बिघडल्याने खूप लांब साखळीची फॅटी ॲसिड मोडली जात नाहीत, ती मायलिनमधे आणि ॲड्रिनल ग्रंथीत साठतात. चार ते दहा वर्षांचा चांगला हुशार मुलगा अचानक वर्गात मागे पडतो, अक्षर बिघडतं, ऐकू येत असून ऐकत नाही, लक्ष नाही म्हणून शिक्षा होते. त्याच्या जोडीला त्वचा काळवंडणं, सारख्या उलट्या, थकवा असेल तर ॲड्रिनलची तपासणी आणि रक्तातल्या या लांब फॅटी ॲसिडची टेस्ट मागा. ओलिइक आणि इरुसिक ॲसिडचं तेल देऊन रक्तातला आकडा खाली येतो पण सुरू झालेला मेंदूचा आजार त्याने थांबत नाही, रिपोर्ट सुधारला म्हणून मेंदू सुधारला असं होत नाही याचं हे ठळक उदाहरण. एमआरआयमधे बदल अगदी छोटा असतानाच स्टेमसेल ट्रान्सप्लांट केलं तर तो थांबवता येतो, म्हणून आजार माहीत असलेल्या मुलाचा लहान वयात दर ६ ते १२ महिन्यांनी एमआरआय करत राहतात.

आणि घरात एका मुलाला हे निघालं की तिथेच थांबू नका, त्याचे भाऊ, मावसभाऊ, मामा या सगळ्यांची फॅटी ॲसिडची टेस्ट करून घ्या, कारण जीन आईच्या बाजूने येतं आणि ॲड्रिनलचा बिघाड डोक्याची लक्षणं नसतानाही जीव घेऊ शकतो. बायकांसाठी मात्र ती रक्ताची टेस्ट पुरेशी नाही, जीन बिघडलेलं असूनही काही जणींमधे आकडा नॉर्मल येतो, त्यांना थेट जीन टेस्टच सांगा. आई, मावशी, बहीण यांना पुढे चाळिशी-पन्नाशीत पाय ताठर होणं, लघवीवर ताबा न राहणं असं सुरू झालं तर ते वय झालं म्हणून सोडून देऊ नका, न्यूरॉलॉजिस्टला मुलाचा रिपोर्ट सोबत नेऊन दाखवा.